पन्नास चिठ्ठ्या मोजायला किती वेळ लागतो?

2024 च्या लोकसभेला माझी ड्युटी केंद्राध्यक्ष म्हणून लागली. यवतमाळ-वाशिम मतदारसंघ, दिग्रस विधानसभा, मतदान 26 एप्रिलला. प्रशिक्षणं, साहित्य वाटप, एसटीचा प्रवास हे सगळ्या मास्तरांना पाठ आहे. रात्री जि. प. शाळेत बाकं जोडून आडवे झालो. झोप आली असं नाही. मशीन उशाशी असल्यावर कोणाला येते?

पहाटे साडेपाचला मॉकपोल, म्हणजे मतदानाआधीची मशीनची चाचणी. कमीत कमी 50 मतं टाकायची, नोटासकट प्रत्येकाला एक तरी. पोलिंग एजंटांनी पाळीपाळीनं बटणं दाबली. मग क्लोज, रिझल्ट, आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, पेटीतल्या चिठ्ठ्या बाकावर मांडून उमेदवारवार मोजल्या. मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळल्या. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. एजंटांत एक पोरगा होता, कापूसवाला शेतकरी. तो म्हणाला, "सर, सांजच्यालेबी असंच मोजा ना. झंझटच नाई."

त्याला उत्तर देण्याच्या नादात मी क्लिअर दाबायचंच विसरत होतो. दोन नंबरच्या मतदान अधिकारी मॅडमनी टोकलं म्हणून वाचलो. मॉकपोलची मतं मशीनमध्ये राहिली असती, तर ते मशीन मोजणीच्या दिवशी बाजूला पडलं असतं आणि मला नोटीस. मग चिठ्ठ्यांच्या मागे शिक्के, काळं पाकीट, गुलाबी सील. सातला मतदान सुरू.

दुपारी एक आजी कक्षातून बाहेर आल्या. "बटन तं दाबलं बाप्पा, पण कागुद काई दिसला नाई." चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, मोतीबिंदूच्या डोळ्याला सात सेकंद म्हणजे काहीच नाही. चिठ्ठी चुकीची निघाली अशी तक्रार असेल तर नियम आहे: लेखी प्रतिज्ञापत्र द्या, सगळ्यांसमोर चाचणी मत टाका, आणि तक्रार खोटी ठरली तर शिक्षा. आजींची तक्रार तशी नव्हतीच. पण खरी तक्रार असणारा माणूसही हे वाचून दाखवल्यावर घरचाच रस्ता धरेल. ही अट बदलावी, असं मला तेव्हापासून वाटतं.

सहाला रांगेत उभ्या असलेल्यांना शेवटच्या माणसापासून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्या. सगळे आटोपल्यावर क्लोज, मग 17-सी, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म. मतदार नोंदवहीतली संख्या, मशीनचं टोटल, दोन्ही 643. एजंटांच्या सह्या घेतल्या, प्रती दिल्या. त्या पोरानं प्रत घडी करून खिशात ठेवली.

मशीन जमा करायच्या रांगेत कोणाच्या तरी मोबाईलवर बातमी आली. आम्ही शाळेत बसलो होतो त्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली होती. दर विधानसभेत सोडत काढून पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायच्या, हे 2019 पासूनचं तसंच राहिलं. नवीन इतकंच की व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हं भरायची युनिटं निकालानंतर 45 दिवस सीलबंद ठेवायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं मागितलं तर पाच टक्के मशीन तपासायच्या. चिठ्ठ्या यंत्रानं मोजता येतील का, तेही आयोगानं पाहावं म्हणे.

मला मतपत्रिका परत नको आहेत. शिक्का दोन रकान्यांच्या मधोमध, मग मत बाद की वैध यावर मध्यरात्रीपर्यंत वाद, हे जुने सर सांगायचे. पण शेकडो केंद्रांतून पाच, हे पटत नाही. सकाळी पन्नास मोजायला पाव तास, तर सहाशे मोजायला एक टेबल आणि तीन तास. निकाल उशिरा लागेल. लागू दे, नाही तरी देशभरची मतदानं दीड महिना चाललीच होती.

4 जूनला संध्याकाळी त्या पोराचा फोन आला. तो मोजणीला यवतमाळात होता.

"सर, 643 च निंगाले. कागद जुळला."

"बरं झालं."

"पण आपल्या गावाची चिठ्ठी नाई निंगाली सोडतीत."