तुम्ही विचारलंत म्हणून : ऑनलाइन कोर्स चांगला आहे हे ओळखायचे कसे?

गेली पाच वर्षे मला एकच प्रश्न सातत्याने विचारला जातो. कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, महाविद्यालयातील पालकसभेनंतर, कोणी ना कोणी थांबवून म्हणते, "मॅडम, मुलीला ऑनलाइन कोर्स लावायचा आहे. तो चांगला आहे की नाही हे ओळखायचे कसे?" विचारणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा रंगीत माहितीपत्रक असते आणि त्यात व्हिडिओ किती तासांचे आहेत, ॲप कसे आहे, प्रमाणपत्र कोणाचे मिळेल एवढेच लिहिलेले असते. माझे उत्तर मात्र एका प्रतिप्रश्नात मावते : या कोर्समध्ये विद्यार्थ्याचे उत्तर चुकले, तर त्यानंतर काय होते?

मी पुण्यातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि फळ्यावर खडूने शिकवण्याची सवय असलेले आम्ही सगळेच एकाएकी पडद्यासमोर बसलो. मी लिहिता येणारी पाटी घेतली, आकृत्या रंगवल्या, प्रत्येक तासाचे चित्रीकरण जपून ठेवले. दर आठवड्याला वस्तुनिष्ठ चाचणी घेत असे आणि बहुतेकांना २० पैकी १७-१८ गुण मिळत. सत्र संपत आले तेव्हा मी एकेकाला फोन करून पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घेतली. ज्यांना चाचणीत पूर्ण गुण होते, त्यांच्यापैकी अनेकांना आपण ते सूत्र का वापरले हे सांगता आले नाही. एकमेकांना विचारून भरलेली उत्तरे हे त्याचे एक कारण होते. पण खरा दोष चाचणीच्या रचनेत होता आणि ती रचना माझी होती. उत्तर बरोबर की चूक एवढेच ती चाचणी सांगत असे. चूक कोणती, हे ती मला सांगत नव्हती आणि विद्यार्थ्यालाही सांगत नव्हती.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा एक आजार शंभरात एकाला होतो. त्याची तपासणी आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर ओळखते, परंतु निरोगी माणसांपैकी ९ टक्क्यांनाही चुकून आजारी ठरवते. एखाद्याची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? हजार माणसे घेतली तर १० आजारी, त्यांपैकी ९ ओळखले जातात. ९९० निरोगी, त्यांपैकी सुमारे ८९ उगाच पॉझिटिव्ह ठरतात. म्हणजे एकूण ९८ पॉझिटिव्ह आणि त्यांत खरे आजारी ९. उत्तर सुमारे ९ टक्के. आता विद्यार्थ्यांची चुकीची उत्तरे पाहा. कोणी ९० टक्के लिहितो; त्याने "आजारी असेल तर पॉझिटिव्ह" आणि "पॉझिटिव्ह असेल तर आजारी" ही दोन विधाने एकच मानली आहेत. कोणी ९१ टक्के लिहितो, कारण शंभरातून नऊ वजा केले की उरलेले पॉझिटिव्ह खरेच असणार असे त्याला वाटते. कोणी ०.९ टक्के लिहितो. त्याने ९ हा आकडा अचूक काढला, पण ९८ ऐवजी हजाराने भागले. हा तिसरा विद्यार्थी उत्तराच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे, तर पहिल्याला मूळ कल्पनाच पुन्हा समजावून द्यायला हवी. तिघांनाही लाल अक्षरांत "चूक" एवढेच दाखवणारी प्रणाली तिघांशीही सारखीच वागते, आणि माझ्या लेखी अशा प्रणालीत शिकवण्याचा भाग राहिलेलाच नसतो.

पुढच्या सत्रात मी चाचणीचे पर्याय याच चुकांमधून तयार केले आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे त्या चुकीलाच उत्तर देणारे चार ओळींचे स्पष्टीकरण ठेवले. शिवाय दर आठवड्याला एक गणित वहीत सोडवून पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितले. भोर तालुक्यातील एका विद्यार्थिनीला दिवसा नेटवर्क मिळत नसे, त्यामुळे तिचे थेट तास बहुतेक बुडाले. तिचा फोटो रात्री अकराच्या सुमारास येई, मी मिनिटभराचा आवाजी निरोप पाठवी आणि सकाळी ती दुरुस्त केलेले पान पुन्हा पाठवी. सशर्त संभाव्यता, म्हणजे वरच्या उदाहरणातील "पॉझिटिव्ह असेल तर आजारी" अशा प्रकारची शक्यता, तिला वर्गातील कित्येकांपेक्षा चांगली कळली होती. तंत्रज्ञानाचा विचार करताना मला अजूनही आधी ती वहीची पानेच आठवतात.

तंत्रज्ञान आले की शिक्षण सुधारेल, ही आशा जुनी आहे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला. त्यातील कित्येक कार्यक्रम उत्तम होते. पण पाहणाऱ्याला काय कळले नाही, हे पडद्याला कधीच समजत नसे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, रिचर्ड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने असे मांडले होते की माध्यम हे केवळ वाहन असते. किराणा पोचवणाऱ्या ट्रकमुळे जसे आपले पोषण बदलत नाही, तसे माध्यम बदलल्याने शिकणे बदलत नाही. हे मला बऱ्याच अंशी पटते. फक्त एक भर घालावीशी वाटते : वाहन परतीच्या फेरीत काही आणत असेल, म्हणजे विद्यार्थ्याची अडचण शिक्षकापर्यंत पोचवत असेल, तर ते नुसते वाहन राहत नाही.

आपल्याकडील 'स्वयम्' या सरकारी मंचाच्या रचनेत हा विचार दिसतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या मंचावरील कोर्सचे चार भाग ठरलेले आहेत : व्हिडिओ, वाचनसाहित्य, शंका विचारण्याची चर्चा आणि मूल्यमापन. त्यातील 'एनपीटीईएल' या आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या उपक्रमाचा बारा आठवड्यांचा कोर्स घ्या. शिकणे विनामूल्य असते, परीक्षा शुल्क भरून केंद्रावर जाऊन द्यावी लागते. बारा स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम आठ धरून त्यांना २५ गुण आणि परीक्षेला ७५ गुण असतात. ही परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर होते, म्हणून मला त्या प्रमाणपत्राची किंमत वाटते. तरीही मी विद्यार्थ्यांना सांगते की नाव नोंदवण्यापूर्वी मागील सत्रातील चर्चेची पाने उघडून पाहा. जिथे शंकेला दोन दिवसांत नेमके उत्तर मिळालेले दिसते, तो कोर्स निवडा. केवळ मोठ्या संस्थेचे नाव पाहून निवडू नका.

व्हिडिओच्या लांबीबद्दलही विचारले जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 'एडएक्स' या अमेरिकी ऑनलाइन मंचावरील कोर्सच्या मोठ्या अभ्यासात असे दिसले होते की व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात. तेव्हापासून छोट्या व्हिडिओंचा आग्रह सुरू झाला. तो योग्यच आहे; पण त्या अभ्यासाने किती वेळ पाहिले गेले हे प्रामुख्याने मोजले होते, आणि पाहणे म्हणजे शिकणे नव्हे.

आमच्या शेजारच्या मुलीने गेल्या वर्षी डेटा सायन्सचा एक महागडा कोर्स लावला. एकदा तिने गडबडीत स्वाध्यायाऐवजी रिकामी फाइल पाठवली आणि तिला क्षणात "अभिनंदन, उत्कृष्ट काम" असे उत्तर आले. ती माझ्याकडे आली तेव्हा रडवेली झाली होती. आधीच्या सात स्वाध्यायांवरही असेच शेरे होते आणि त्यांच्या भरवशावर ती मुलाखतींची तयारी करत होती. आम्ही दोन रविवार बसून ते सातही स्वाध्याय पुन्हा तपासले. तीन मुळापासून चुकलेले होते.

असे का होते, याचा हिशेब सोपा आहे. माझ्या वर्गात ६४ विद्यार्थी होते. एका पानाला सहा मिनिटे धरली, तर आठवड्याला ६ तास २४ मिनिटे लागत. त्याच गतीने ६,००० विद्यार्थ्यांची पाने वाचायला आठवड्याला ६०० तास हवेत, म्हणजे प्रत्येकी वीस तास तपासणारी तीस जाणकार माणसे. व्हिडिओ एकदा केला की लाखांना पुरतो, तपासणीचा खर्च मात्र प्रत्येक विद्यार्थ्यामागे वाढत जातो, आणि काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला दोन गोष्टी विचारा : स्वाध्याय तपासणाऱ्या एका व्यक्तीमागे किती विद्यार्थी आहेत, आणि तपासून परत दिलेला एखादा स्वाध्याय, नाव झाकून का होईना, पाहायला मिळेल का. शेजारच्या मुलीने यंदा चार ठिकाणी हेच विचारले. तिघांनी पुन्हा माहितीपत्रकच पाठवले. चौथ्या ठिकाणाहून एका पानाचा फोटो आला. त्यावर समासात पेन्सिलीने लिहिले होते, "इथे भागाकार कशाने केलास, ते पुन्हा पाहा."