बहुरूप्याला अटक

कॅनडात मिसिसागातल्या एका कस्टम्स ब्रोकरच्या, म्हणजे परदेशी माल जकातीतून सोडवून देणाऱ्याच्या, कचेरीत मला अकरा वर्षं झाली. चीज, फरशा, दंतवैद्याच्या खुर्च्या, एकदा तर अख्खं मेरी-गो-राउंड सोडवलंय मी. पण त्या गुरुवारी १६ रायफलींनी काढला तसा घाम कुठल्याच मालाने काढला नव्हता.

माल तसा साधाच. उत्तर ओंटारिओतल्या एका छोट्या दुकानदाराने युरोपातून मागवलेल्या पॉइंट टू टूच्या, म्हणजे अगदी बारीक गोळीच्या, सेमी-ऑटोमॅटिक रायफली; घोडा ओढला की दर वेळी एक गोळी सुटते, पुढची आपोआप भरली जाते. मिरजेला एनसीसीत असताना मी हीच गोळी पोटावर पडून झाडली होती. खांद्याला धक्का असा बसतच नाही. काडतुसाच्या बुडाची कड ठेचली की ती पेटते, म्हणून रिमफायर. इथली पोरं नेमबाजी शिकतात ती याच गोळीवर. गोम एकच होती. या सोळाही जणी बाहेरून एके-४७ सारख्या दिसत होत्या, आणि विक्रेत्याने बिलावर मोठ्या हौसेने लिहिलं होतं, ‘एके रेप्लिका’.

तिथेच माशी शिंकली.

कॅनडाच्या फौजदारी संहितेत ‘रेप्लिका’ला स्वतःचा अर्थ आहे. हुबेहूब बंदुकीसारखं दिसणारं, पण बंदूक नसलेलं साधन म्हणजे रेप्लिका, आणि ते देशात आणायला बंदी. म्हणजे खरी बंदूक परवान्यावर येते, तिची न उडणारी हुबेहूब नक्कल मात्र येत नाही! सकाळी दहाला बॉन्डेड गोदामातून, म्हणजे कस्टम्सने सोडेपर्यंत माल राहतो तिथून, फोन आला की माल अडवलाय. मी कॅटलॉग, नळीचे आकडे, विक्रेत्याचा खुलासा असं सगळं घेऊन गेले आणि दोन तास एकच गोष्ट पटवत बसले: अहो, ही नक्कल नाही, खरी बंदूक आहे, हिच्यातून गोळी सुटते.

पटलं. तरुण अधिकारी होता, सज्जन होता. म्हणाला, “ठीक आहे, बंदूक आहे. पण मग ही एके-४७ चीच एक जात नाही कशावरून?”

बंदी घातलेल्या बंदुकांच्या यादीत एके-४७ आहे, आणि तिच्या मागोमाग ‘तिचा कुठलाही व्हेरियंट’ असे शब्द आहेत. व्हेरियंट म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात शोधून सापडत नाही. मी पुन्हा सुरू झाले. एके-४७ नळीतल्या गॅसवर चालते, तिचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा तुकडा, फिरून कुलूप लागतं. हिच्यात कुलूपच नाही, बोल्टचं वजन आणि स्प्रिंग यांवरच सगळा कारभार. तिचं काडतूस ५६ मिलिमीटर लांब, हिचं जेमतेम २५. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बाहेरून केळ्यासारखं वाकडं, पण आत बारीक गोळ्यांपुरती चिंचोळी खाच, बाकी सगळं प्लास्टिक. “आतलं काहीच जुळत नाही. फक्त दिसायला तशी आहे,” मी म्हणाले आणि जीभ चावली.

सकाळपासून मी नेमकं याच्या उलट सांगत होते ना!

तो हसला. मीही हसले, पण पोटात गोळा आला होता. आजोळी दारावर हवालदाराच्या वेषात बहुरूपी यायचा. आजोबांना दरडावायचा, “चला चौकीवर!” आणि सूपभर ज्वारी घेऊन जायचा. माझ्या बहुरूप्याला इथे आधी खरा हवालदार नाही म्हणून धरलं होतं, आणि आता हवालदाराच्या घराण्यातला असशील म्हणून.

दुपारी डबा उघडाच ठेवून जुने निकाल काढले. एपी-८० नावाची इटालियन रायफल, हीच पॉइंट टू टू, तोच एकेचा चेहरा. लोक ती वर्षानुवर्षं बाळगून होते. २०११ मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयाने ठरवलं की ती एके-४७ चा व्हेरियंटच. मग आमची बाजू लंगडीच होती. शिवाय रात्री दहा पावलांवरून पोलिसाला हिच्यात आणि खऱ्या एकेत फरक काय कळणार? ती भीती मला मान्य आहे. पण मग दिसण्यावर बंदी आहे असं सरळ लिहा की, मी त्याप्रमाणे फॉर्म भरीन. यंत्राच्या नावाखाली चेहरा कशाला तपासता?

चारला दुकानदाराचा फोन. “एकच सांग, येणार की नाही?”

मला सांगता येईना. अकरा वर्षांत एवढी लाज कधी वाटली नव्हती. अधिकारी म्हणाला, वर विचारतो. वरचे म्हणाले, नमुना पाठवा. नमुना गेला, आठवडे गेले, गोदामाचं भाडं रोजच्या रोज चढत राहिलं. दोन वेळा फोनवर दोन वेगळी उत्तरं मिळाली, लेखी एकही नाही. शेवटी दुकानदारच कंटाळला आणि पदरचं भाडं भरून त्याने माल परत पाठवला.

पुढच्या महिन्यात त्याने त्याच विक्रेत्याकडून दुसऱ्या रायफली मागवल्या. यंत्र तेच, गोळी तीच, दस्ता लाकडी. बिलावर ‘स्पोर्टिंग रायफल’. मी तोच जुना टॅरिफ कोड, म्हणजे जकातीसाठीचा मालाचा आकडा, टाकला, ९३०३.३०. जेवणाच्या सुट्टीआधी माल सुटला.

कागदांसोबत विक्रेत्याची चिठ्ठी होती: परत आलेल्या १६ रेप्लिका पडून आहेत, निम्म्या किमतीत देतो. ती मी कस्टम्सच्या गठ्ठ्यात जाऊ दिली नाही.