आमची वाटचाल : सोलापूरहून पँगाँगच्या तंबूपर्यंत

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटरवर आहे आणि लडाखमधल्या पँगाँग सरोवराकाठी आमचे प्रवासी ज्या तंबूंत झोपतात ते 4,250 मीटरच्या आसपास. ही चढण किती दिवसांत चढायची, याच प्रश्नावर आमचा व्यवसाय उभा राहिला आणि याच प्रश्नावर तो एकदा बुडता बुडता वाचला.

बाळीवेशीतल्या लहानशा गाळ्यात आम्ही सुरुवात केली. अष्टविनायक आणि चारधामच्या सहलींत गेलेल्या वर्षांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. लडाखची पहिली सहल काढायचे ठरले तेव्हा भागीदार म्हणून सोबत आले ते आमचे मामा, ज्यांचे सारे आयुष्य चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या मागावर गेले होते. घरी तेलुगू आणि बाहेर अस्सल सोलापुरी बोलणाऱ्या या माणसाने मला पहिल्याच दिवशी बजावले, "आपली चादर कितीही चांगली असली तरी सुती आहे, ओल धरते, तिथं ती चालायची नाही." त्यांनी पिसांची एक जुनी स्लीपिंग बॅग उसवून आतले कप्पे पाहिले आणि मगच खरेदीला होकार दिला. आजही आमच्या तीस बॅगांवर त्यांनी लाल दोऱ्याने घातलेले क्रमांक आहेत. या बॅगा आम्ही पिशवीत कोंबून कधीच ठेवत नाही. दाबून ठेवलेल्या पिसांचा फुगीरपणा जातो आणि ऊब धरून ठेवतो तो फुगीरपणाच. त्यामुळे गाळ्याच्या मागच्या खोलीत त्या वर्षभर आडव्या बांबूला मोकळ्या टांगलेल्या असतात आणि धुतल्यावर गुठळ्या हातांनी फोडत सावलीत वाळवल्या जातात.

मग शहरातल्या दुसऱ्या एका सहल कंपनीने आमच्यापेक्षा दोन दिवस कमी आणि त्या प्रमाणात कमी पैसे अशी लडाखची जाहिरात केली. मी घाबरलो, आणि मामांचा विरोध असताना आमचेही दोन दिवस कापून मनालीच्या रस्त्याने गट नेला. मनाली सुमारे 2,050 मीटरवर आणि मुक्काम थेट 4,290 मीटरवरच्या सरचूला. रात्री दीड वाजता मला सातवीत शिकवलेले गुरुजी, आमचे सर्वांत जुने प्रवासी, तंबूत उठून बसलेले दिसले, कारण आडवे होताच त्यांना श्वास पुरत नव्हता. पल्स ऑक्सिमीटरने, म्हणजे बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राने, 62 टक्के दाखवले, म्हणजे फारच कमी. गार बोटांवर हे यंत्र चुकीचा आकडा देते, म्हणून त्यांचा हात माझ्या काखेत धरून ऊब दिली आणि पुन्हा पाहिले, तर 64. सरचूची खरी अडचण अशी, की तिथून खाली उतरायचे तर आधी वर चढावे लागते : मनालीच्या बाजूला सुमारे 4,890 मीटरची बारालाचा खिंड, लेहच्या बाजूलाही उंच खिंडीच. प्राणवायूची नळी लावून आम्ही त्याच अंधारात बारालाचा ओलांडली आणि सकाळी त्यांना केलाँगच्या रुग्णालयात पोचवले. फुप्फुसांत पाणी झाले होते. गुरुजी वाचले.

चूक माझी होती, ती मी कधी नाकारली नाही. परंतु ज्यांच्या कमी दिवसांच्या जाहिरातीमुळे मी ती केली, त्यांच्याच माणसांनी नव्या पेठेत आणि सात रस्त्यावर आमच्याविषयी जे पसरवले ते मी आजही विसरलो नाही. पुढच्या गटातल्या 34 जणांपैकी 27 जणांनी नावे काढून घेतली, तंबूवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम बुडाली आणि घरातल्या पाटल्या गहाण पडल्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली तेव्हा आमच्याकडे नोंदणीला एकही माणूस नव्हता. त्या आठवड्यात गुरुजी गाळ्यावर आले, पूर्ण रक्कम टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अरे, या वेळी कारगिलवरून ने, आणि मामा सांगतील तेवढे दिवस घे."

तेव्हापासून आमचा रस्ता ठरलेला आहे. श्रीनगर सुमारे 1,585 मीटर, मग कारगिल 2,676, मग 3,500 मीटरवरच्या लेहमध्ये तीन रात्री, त्यानंतर तांगत्सेला एक मुक्काम आणि शेवटी पँगाँग. साधारण 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. कोणाबरोबरही जा, पण मुक्कामांची उंची आधी विचारा. हवेतले प्राणवायूचे प्रमाण वरही 21 टक्केच असते, घटतो तो हवेचा दाब, आणि लेहला तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या जवळ येतो. म्हणून सिद्धेश्वर तलावाभोवती रोज धावणाऱ्या तरुणानेही स्वतःला सुरक्षित समजू नये. उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. वर झोपेची गोळी आणि दारू दोन्ही टाळावीत, आणि डोके दुखत असताना आणखी वर जाण्याचा हट्ट धरू नये.

मामा आता नाहीत. गुरुजी त्यानंतर चार वेळा आमच्याबरोबर आले, दर वेळी अकरा क्रमांकाची बॅग मागून घेत. यंदा त्या कंपनीच्या पत्रकातही कारगिलचा मुक्काम आणि लेहच्या तीन रात्री छापलेल्या आहेत. ते पत्रक मी गाळ्याच्या भिंतीवर, मामांच्या फोटोखाली चिकटवले आहे.