एक मिलिमीटर कुठे खर्च करायचा?

माझ्या फोटोंबद्दल सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: 'भारी आहे मॅडम, पण निम्मा पुसट आलाय की!' तक्रार खरी आहे. निम्माच कशाला, बऱ्याचदा नव्वद टक्के पुसट असतो.

जवळून फोटो काढायला गेलं की हे होणारच. मॅक्रोत, म्हणजे अशा अगदी जवळून काढलेल्या फोटोत, 'एकास एक' म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर). फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात ३६ बाय २४ मिलिमीटरच्या तुकड्याने अख्खी चौकट भरते. एवढ्या जवळ ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, एफ/८ ला ठेवलं (आकडा मोठा तेवढं भोक लहान), तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. शाळूचा एक दाणाही त्यात पूर्ण मावत नाही. ॲपर्चर एफ/१६ केलं तर पट्टा दुप्पट होतो, पण एकास एकला तो एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ सारखा वागतो. प्रकाश दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा, दोन म्हणजे पाव) आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळंच थोडं मऊ पडतं. थोडं मागे सरकून निम्म्या आकाराला आलात, तर मात्र एफ/८ लाच तीन मिलिमीटरच्या आसपास मिळतात. म्हणून मी गरज नसताना एकास एकपर्यंत जातच नाही; जरा लांबून काढते आणि नंतर फोटोच्या कडा कापते.

तरी शेवटी हातात मिलिमीटर-दोन मिलिमीटरच उरतात. ते कुठे खर्च करायचे एवढंच आपल्या हातात असतं, आणि मला या छंदात तेवढ्याचीच गोडी आहे. लेन्स कुठली हा प्रश्न त्यानंतरचा. माझी सुरुवात जुन्या ५० मिलिमीटर लेन्सवर आणि एक्स्टेन्शन ट्यूबवर (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) झाली. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, एवढं साधं गणित: २५ ची ट्यूब लावली की अर्ध्या आकाराची भर. आता सेकंड हँड १०० ची मॅक्रो आहे. तिचा फायदा एकच. एकास एकलाही किड्याच्या अंगावर जावं लागत नाही, वीतभर नसलं तरी त्याच्या जवळपास अंतर राहतं.

मी टॉवेलच्या कारखान्यात डिझाईन बघते. सोलापुरात हे सांगितलं की पुढचा प्रश्न 'कुठल्या?' असा येतो, तर ते राहू दे. टॉवेलच्या कापडात उभे धागे दोन प्रकारचे असतात. एक ताणलेले, ज्यांच्यावर कापड उभं राहतं. दुसरे ढिले सोडलेले, ज्यांचे लूप होतात. दिवसभर पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, डोळ्याला लावून इंचात किती धागे ते मोजणाऱ्या बाईला मॅक्रोचं व्यसन लागणं अवघड नव्हतं.

टॉवेलचा फोटो दिसतो तेवढा सोपा नाही. प्रकाश समोरून पडला की लूप दिसतच नाहीत, पांढरा पुठ्ठा वाटतो. म्हणून दिवा कापडाच्या जवळजवळ पातळीवर आणायचा, एका बाजूने. मग प्रत्येक लूपच्या पाठीमागे सावली पडते आणि कापड उभं राहतं. रिंग लाइट मला त्यामुळेच आवडत नाही. चारही बाजूंनी सावल्या खाऊन टाकतो. दाताच्या डॉक्टरला ठीक आहे. दुसरी अडचण कारखान्याचीच. लूम चालू असताना जमीन थरथरते, ट्रायपॉड तिच्याबरोबर थरथरतो, आणि हवेत उडणारी रुई लेन्सवर बसते ती वेगळीच. फ्लॅश वापरला तर थरथर पकडली जात नाही, कारण कमी ताकदीवर त्याचा लखलखाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढाच टिकतो. नाहीतर सुट्टीच्या दिवशी जायचं.

कॅटलॉगसाठी सगळे लूप स्पष्ट हवे असतात. तिथे मी निमूटपणे स्टॅकिंग करते: कॅमेरा रेलवर (सरकत्या पट्टीवर) बसवायचा, अर्धा-अर्धा मिलिमीटर पुढे सरकवत फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे स्पष्ट भाग जोडायचे. काम होतं. पण स्वतःसाठी काढते तेव्हा तीनच लूप धरते, बाकीचे वितळू देते. सगळं स्पष्ट असलेल्या फोटोत डोळा कुठेच थांबत नाही. असा टॉवेल मोजता येतो, पुसावंसं वाटत नाही.

जिवंत गोष्टींवर स्टॅकिंग मी करत नाही. त्यासाठी काही लोक किडे फ्रीजमध्ये ठेवून गारठवतात, ते मला पटत नाही. पहाट असते ना! किड्यांचं अंग बाहेरच्या हवेएवढंच गार असतं. ऊन चढेपर्यंत ते हलत नाहीत. संभाजी तलावाच्या काठी हिवाळ्यात सकाळी सातच्या आत गेलं की गवताच्या काडीला टाचण्या दव अंगावर घेऊन चिकटलेल्या असतात. (टाचणी म्हणजे पंख मिटून बसणारी, चतुराची बारीक बहीण. पिन नव्हे.) तिथे दोनच पर्याय मला पटतात. एक, सेन्सर तिच्या शरीराला समांतर धरायचा, म्हणजे डोळ्यापासून शेपटीपर्यंत ती त्या एका मिलिमीटरमध्ये बसते. दोन, समोरून जायचं आणि फक्त डोळे धरायचे. मधला तिरका कोन घेतला की एक डोळा आणि अर्धा पंख मिळतो, आणि तो फोटो चुकल्यासारखाच दिसतो. फोकसची रिंग मी फिरवत नाही. ती ठरवून सोडते आणि श्वास धरून स्वतःच पुढे-मागे झुलते. फिरायला आलेले आजोबा लोक थांबून विचारतात, 'काय हरवलंय का बाई? काय शोधायलाय?'

काळी पार्श्वभूमी हा आणखी एक रोग. किड्यावर फ्लॅश पडतो, मागच्या झाडापर्यंत पोचत नाही, म्हणून मागे काळोख येतो. बऱ्याच जणांना ते नाट्यमय वाटतं. मला भर दुपारचा किडा मध्यरात्री पकडल्यासारखा वाटतो. मी मागे हातभरावर एखादं वाळकं पान धरते किंवा जागा बदलते. फ्लॅशसमोर बटर पेपर असतोच, नाहीतर किड्याच्या पाठीवर पांढरा ठिपका पडतो.

मृगाचे किडे वेगळ्याच तऱ्हेचे. पहिला पाऊस पडून काळी माती भिजली की लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात. आठ पायांचे असल्यामुळे हे खरं तर कोळ्याच्या गोत्रातले. ते थांबत नाहीत, म्हणून जमिनीवर आडवं पडावं लागतं, पंजाबी ड्रेस चिखलात. काळ्या मातीने कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, फोटो जास्त उजळ येतो. त्यात तो लाल रंग इतका भडक की कॅमेऱ्याचा लाल चॅनल, म्हणजे लाल रंग नोंदवायची जागा, आधीच भरून जातो आणि मखमलीच्या जागी प्लॅस्टिक दिसतं. एक स्टॉप कमी ठेवायचा आणि लाल हिस्टोग्राम, म्हणजे लाल रंग किती भरला ते दाखवणारा आलेख, बघायचा. प्रकाश टॉवेलसारखाच, बाजूने आणि थोडा मागून. तेव्हा कुठे ती लव सुटी दिसते. इथे मी डोळ्यांच्या नादी लागत नाही, पाठीवरच्या लवेवर सगळा मिलिमीटर उधळते.

मामांचं शेत मंगळवेढ्याकडे. शाळू पोटरीतून निसवला, म्हणजे कणीस बाहेर पडलं, आणि फुलोऱ्यात आला की मी एखाद्या रविवारी जाते. कणीस टोकाकडून खाली फुलत येतं आणि फुलं उमलतात ती रात्री ते पहाटे, त्यामुळे उशिरा पोचून उपयोग नाही. वारं सुटायच्या आत शाळूच्या ताटाला काठीचा आधार देऊन कपड्याचा चिमटा लावते. लोंबणारे पिवळे परागकोश मिलिमीटरच्या पट्ट्यात धरायला अगदी बरोब्बर. फुललेला आणि न फुललेला भाग जिथे भेटतो तेवढीच रेघ मी स्पष्ट ठेवली होती. मामांनी मोबाईलवर फोटो बघितला. पुसट-बिसट काही म्हणाले नाहीत. 'टोकाकडचं झालंय, खालचं राहिलंय. अजून दोन-तीन दिवस,' एवढंच.

मग त्यांनी मला पानाची मागची बाजू काढायला लावली. 'हे चिकट लागायलंय. मावा किती हाय, बघ तुझ्या भिंगातनं.' तिथे माझी कला बाजूला. पान बोटांनी सपाट धरलं, सेन्सर समांतर, एफ/११, निम्म्या आकाराला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळे मावे स्वच्छ आले आणि मामांनी झूम करून ते मोजले.