चोर दरवाजातून चंद्रतळ्यापर्यंत

राजगडाचा विषय निघाला की सगळे डायरेक्ट संजीवनी माची नाहीतर नेढ्यावर (कड्यातलं आरपार भोक) पोचतात, रील्स पण तिथल्याच. मला विचाराल तर गडावरची सगळ्यात भारी जागा म्हणजे बालेकिल्ल्यावरचं चंद्रतळं. लोक एवढी छाती फुटेस्तोवर चढून वर येतात, दम खातात, उत्तर बुरुजावर फोटो काढतात आणि तळ्याकडे पाठ करून खाली उतरतात. कमाल आहे.

तर पावसाळा सरता सरता मी आणि मावसभाऊ गेलो, मुद्दाम वीकडेला, कारण रविवारी चोर दरवाजाच्या, म्हणजे गुंजवणे गावातून वर येणाऱ्या वाटेच्या, रेलिंगवर लाईन लागते आणि खाली उतरणारे आणि वर चढणारे एकमेकांकडे बघत उभे राहतात. पुण्यातून पहाटे निघायचं, नवले पूल मोकळा असताना ओलांडला की अर्धी लढाई जिंकली, मग नसरापूर फाट्यावरून आत वळायचं, मार्गासनी, साखर करत गुंजवणे. भाऊ पहिल्यांदाच येत होता आणि गाडीतूनच त्याचं सुरू, तळं किती वर आहे, गाडी कुठपर्यंत जाते वगैरे.

गुंजवण्यातून सुरुवातीला वाट साधी वाटते, शेतं, झाडोरा, उतारावर पिवळी सोनकी नुसती पसरलेली. मग चढ लागतो तो काही सोडतच नाही. मध्ये एका सपाटीवर ताक-सरबत घेऊन मावशी बसल्या होत्या, भाऊ तिथं घाईघाईत ग्लास रिकामा करून उठला तर म्हणाल्या, "बस की दादा, गड काय पळून चाललाय व्हय?" तो परत बसला आणि अजून एक ताक घेतलं. शेवटचा टप्पा मात्र खरा उभा, कातळ, त्यात खोबणी आणि लोखंडी रेलिंग, ओलसर असेल तर बूट धरत नाही, आणि पाठीवरची सॅक उगाच मागे ओढतेय असं वाटत राहतं. काठी असेल तर इथं सॅकला लावून टाका, दोन्ही हात मोकळे हवेत. दरवाजा एवढासा की वाकूनच आत शिरावं लागतं, म्हणजे शत्रू आला तरी मान खाली घालूनच येणार.

आणि तिथून वर आलं की समोर एकदम पद्मावती तळं! भाऊ म्हणाला, झालं ना, हेच ना ते? त्याला सांगितलं की नाही, आपलं तळं अजून वर आहे. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पद्मावती तळं पण सुंदर आहे हं, बांधलेल्या भिंती अजून चांगल्या आहेत, आत उतरायला भिंतीतच कमान ठेवलीय, फक्त गाळ खूप साठलाय. माचीवरच पद्मावतीचं देऊळ आणि शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईंची समाधी, त्या १६५९ मध्ये इथं राजगडावरच वारल्या.

गडावर आलं की मी आधी पाणी बघतो. जवळपास पंचवीस वर्षं ही स्वराज्याची राजधानी होती, समुद्रसपाटीपासून १३७६ मीटरवर, आणि वर नदी नाही की ओढा नाही. माणसं, जनावरं, पागा, सगळ्यांना प्यायचं पाणी पावसाळ्यात साठवून पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर बऱ्याच ठिकाणी एक डोकं लावलेलं दिसतं, जिथून कातळ फोडून तटाला दगड काढला त्याच खड्ड्याचं टाकं केलं, एका कामात दोन कामं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात तर सरळ सांगितलंय की आधी पाणी बघा, मग गड बांधा. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करा, आणि झरा आहे म्हणून निवांत बसू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमकं तेव्हाच पाणी जास्त लागतं. मला तर हे वाचून गडावरच्या हिरव्या डबक्यांबद्दल पण आदर वाटायला लागला.

बालेकिल्ल्याची वाट तर चोर दरवाजाला पण मागं टाकते. उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या, बाजूला रेलिंग, एका बाजूला नुसती हवा. कड्याला मधमाश्यांची पोळी असतात, त्यामुळे सिगारेट, परफ्यूम, आरडाओरडा हे प्रकार खालीच सोडून यायचे. वरच्या महादरवाजावर कमळ आणि स्वस्तिक कोरलेलं आहे, ते बघायला थांबा, तेवढाच श्वास पण घेता येतो. आत गेलं की पुढे जननी मंदिर आणि मग चंद्रतळं.

तळं मोठं नाहीये, आधीच सांगतो, नैनीताल डोक्यात घेऊन येऊ नका. चंद्रकोरीसारखा वाकलेला आकार, पाणी हिरवं, काठाला गवत. आम्ही काठावर बसलो तेव्हा वर कोणीच नव्हतं. पाय टाकला की गवतातून बारके बारके बेडूक टपाटप पाण्यात उड्या मारत होते, एक लाल चतुर एकाच काडीवर बसायचा, उडायचा, फिरून परत त्याच काडीवर. पाण्यात ढग सरकत होते आणि मध्येच शेवाळाखालून बुडबुडा वर येऊन ढग फुटायचा. भाऊ, जो खालपासून कुरकुरत होता, तो आडवा होऊन टोपी तोंडावर घेऊन झोपला, घोरला सुद्धा. मी डबा उघडला, पोळी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि बिस्किटाचे जुने रॅपर काठावरून गोळा करून त्याच पिशवीत भरले. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे, आणि तळ्यात चिप्सची पाकिटं. असो, डोकं फिरवून घ्यायचं नाही ठरवलंय.

प्यायचं पाणी मात्र खालूनच भरपूर घेऊन या, चंद्रतळ्याचं पाणी बघायला आहे. पद्मावतीच्या देवळाजवळच्या टाक्याचं पितात लोक.

आता आईला पण गड बघायचाय. तिला चोर दरवाजाने नाही आणणार, पाली दरवाजाने आणीन, तो जुना राजमार्ग, पायऱ्या आहेत, वेळ लागला तरी चालेल. पण बालेकिल्ल्याला कुठूनही आलात तरी चढ तोच. तिथं पोचल्यावर ती काय म्हणणार मला आत्ताच माहितीये, "मी बसते देवीपाशी, तुम्ही या जाऊन."