पुलातला पिंपळ

१४ डिसेंबर, रविवार

गव्हाला दुसरं पाणी द्यायचं म्हणून सकाळीच कॅनॉलवर गेलो. पाटाचं दार उघडलं आणि पाणी शेतात चढेस्तोवर शकुंतला रेल्वेच्या पुलाखाली बसलो. लहानपणापासूनची जागा आहे ही.

पूल आधीचा, कॅनॉल मागाहून आला. नाल्यावरच्या दोन कमानींपैकी एकीतून तो काढला. सगळा काळा दगड आणि चुना, सिमेंटचा कण नाही. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून असतो. वर भार आला की पकड आणखी आवळते. मुर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर, त्यांवरून आमच्या भागाचा कापूस गेला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत शकुंतलेला ओढत होतं. त्याची शिटी ऐकली की आबाजी औत सोडून न्याहारीला बसत. आता रुळांत तरोटा वाळून उभा आहे.

आज वर पाहिलं आणि जीव चरकला. कमानीच्या सांध्यांत पिंपळाची तीन रोपं. पाखरांनी टाकलेलं बी. सगळ्यात मोठ्याचं मूळ अंगठ्याएवढं झालंय. फटीत बोट घातलं तर आत गेलं, आणि चुना पिठासारखा हाताला लागला.

घरी सांगितलं तर माय म्हणाली, "पिंपळ तोडत नाई रे बाप्पा."

"मंग पूल पडू देऊ काय?"

"मुयासकट काढून आण. मारुतीच्या पाराजवळ लावू."

दुपारी काकाजींना घेऊन गेलो. शिडी, खुरपं, बादलीभर पाणी. सांधा भिजवून भिजवून दोन रोपं सुटली. तिसऱ्याला हात घातला तसे काकाजी ओरडले, "वढू नोको! दगड हालून राह्यला." ते मग दगडाला लागून कापलं. पुन्हा फुटणार, हे माहीत आहे. दर महिन्याला येऊन खुडावं लागेल. फटीही चुन्यानेच भरायच्या. सिमेंट लावलं की आतली ओल कोंडते आणि जुना दगडच फुटतो. गावात एकच म्हातारे गवंडी अजून चुना विरवतात. उद्या त्यांच्याकडे जातो.

रोपं तेलाच्या डब्यात ठेवलीत. मुळांना पुलाचा चुना चिकटला आहे. धुवायला निघालो तर मायनं हात धरला. "राहू दे तसाच."