दोन नंबरचा रिमोट

काउंटरवरच्या मुलीने कॅसेट उलटी केली, पाठीमागची बाजू माझ्यासमोर धरली आणि चेहरा इतका पाडला की मला वाटलं आत झुरळ निघालं. झुरळ नव्हतं. काळ्या मार्करने, लहान मुलाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक नाव लिहिलं होतं आणि त्याखाली 'इयत्ता तिसरी, दुसरी तुकडी'. "इथे लिहिलेलं आहे, चालेल का?" मी म्हटलं चालेल. मग तिने कॅसेट आडवी करून कडेचा ओरखडा दाखवला. चालेल का? चालेल. लेबल एका कोपऱ्यात पिवळं पडलंय, चालेल का? अगं बाई, तीनशे तीस येनची वस्तू आहे!

हीच व्हिडिओ गेमची कॅसेट, रोड फायटर, शेजारच्या कपाटात स्वच्छ पाठीची अकराशे येनला होती. मधले सातशे सत्तर येन एका तिसरीतल्या पोराच्या नावाचे. तो पोरगा आता पन्नाशीला टेकला असेल, कुठल्या तरी बँकेत मॅनेजर असेल, आणि त्याच्या हस्ताक्षराने मालाची किंमत पडली हे त्याला माहीतही नसेल.

या दोष दाखवून विकण्याच्या पद्धतीचं सुरुवातीला मला फार कौतुक होतं. आपल्याकडे सांगलीत हरभट रोडवर साडीला डाग दाखवला तर "तो डिझाइनचाच भाग आहे ताई" असं ऐकून आपण मोठे झालो. इथे जपानमध्ये दुकानदार स्वतः डाग शोधून दाखवतो, चिठ्ठीवर लिहितो, ती चिठ्ठी मालाला चिकटवतो. 'बटण कडक', 'झाकण नाही', 'आधीच्या मालकाचं नाव आहे', 'सिगारेटचा वास'. तेरा वर्षं इथे राहिल्यावर मात्र माझं मत थोडं फिरलंय. एकदा सगळे दोष सांगून झाले की पुढची जबाबदारी तुमची. इथे ऑनलाइन लिलावात वस्तूखाली सर्रास लिहितात: नो क्लेम, नो रिटर्न. म्हणजे शेवटी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हेच की! आपला दुकानदार तेच न वाकता सांगतो, एवढाच फरक. (एका ॲपवरून घेतलेलं 'चालू स्थितीतलं' मशीन सुरूच झालं नाही, तेव्हापासून मी जरा कडवट झालेय, हेही खरं.)

तर विषय पैशांचा. गेल्या आठवड्यात नवऱ्याने सहज विचारलं, "या कॅसेटींवर आत्तापर्यंत किती गेले?" मीही सहज सांगायला गेले आणि अडखळले. रात्री एक्सेल उघडलं. दोन वर्षांत एक लाख अडतीस हजार येन. रुपयांत साधारण पाऊण लाखाच्या वर. आईला फोनवर अर्धाच आकडा सांगितला तरी ती म्हणाली, "त्यात एक वेढणं आलं असतं." आईच्या जगात सगळ्या खर्चांचं माप वेढणं हेच. मी तिला सांगितलं की वेढणं घालून मारिओ खेळता येत नाही. तिने फोन बाबांकडे दिला.

आमच्याकडे टीव्ही गेम आला तो १९९४ च्या दिवाळीत, दादाच्या हट्टाने. लिटल मास्टर, मीडिया अशी नावं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील; आमच्या खोक्यावर तर धड नावही नव्हतं. दादाकडे एक नंबरचा रिमोट. माझ्याकडे दोन नंबरचा, ज्याला स्टार्टचं बटणच नव्हतं. मला वाटायचं, आमचं मशीन डुप्लिकेट म्हणून तसं. इथे आल्यावर पहिल्यांदा खरा फॅमिकॉम हातात घेतला, आमचं मशीन ज्याची नक्कल होतं तो, क्योतोच्या निन्तेन्दोने १५ जुलै १९८३ ला १४,८०० येनला बाजारात आणलेला, पांढरा आणि तपकिरीकडे झुकणारा लाल. त्याच्याही दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट नाही! त्या जागी एक छोटासा माइक आणि आवाजाची सरकपट्टी. म्हणजे जपानमधल्या समस्त धाकट्या बहिणींनाही खेळ सुरू करायचा हक्क नव्हता, फक्त ओरडायचा होता. दुकानात उभी राहून मी एकटीच हसत होते.

सगळ्यात गंमत वाटली ती शब्दाची. जगभरात कार्ट्रिज म्हणतात, आपण कॅसेट म्हणायचो आणि मोठेपणी त्याची जरा लाजही वाटायची. जपानी माणूसही कॅसेटच म्हणतो: कासेत्तो. चालली नाही की काढून फुंकर मारायची, हेही अगदी तसंच. फुंकर मारू नका, ओलाव्याने पिना गंजतात, असं खुद्द निन्तेन्दो सांगत आली आहे. सांगलीत आणि साप्पोरोत कुणीही ऐकलेलं नाही. आता मी पिना अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसते. मग फुंकर मारतेच.

आता एक लाख अडतीस हजारांचा हिशेब. मी काही महागड्या वस्तूंच्या मागे लागणारी नाही, असा माझा समज होता. इथे कॅसेटींचे दोन वर्ग असतात: 'हाकोसेत्सु', म्हणजे खोकं आणि माहितीपुस्तिकेसकट, आणि 'हादाका', म्हणजे उघडीनागडी नुसती कॅसेट. खोक्यासकट किंमत कित्येकदा तिप्पट-चौपट होते, कारण इथल्या पोरांनी ती पुठ्ठ्याची खोकी त्याच आठवड्यात फाडून टाकली. हे खेळ आपल्याकडे खोक्यासकट आले असते तर आज खोक्यांना भावच राहिला नसता. आमच्या माळ्यावर १९८८ च्या मिक्सरचं खोकं थर्माकोलसकट अजून आहे. मला खोकं नको, मी हादाकावाली. त्यामुळे मी काटकसरी. असं मी स्वतःला दोन वर्षं सांगितलं.

एक्सेलने वेगळंच सांगितलं. माझ्याकडे एकूण ७१ कॅसेटी. त्यातल्या ४० मी एकदाही मशीनमध्ये घातलेल्या नाहीत. ४० पैकी बहुतेक ११० येनच्या, 'जांकु', म्हणजे भंगार, लिहिलेल्या टोपलीतल्या (शंभराची वस्तू, वर दहा टक्के कर). त्यात माजाँगच्या चार आहेत. मला माजाँग येत नाही! बेसबॉलच्या सहा. बेसबॉल मी टीव्हीवर लागला तर चॅनेल बदलते. त्या घेताना प्रत्येक वेळी एकच विचार होता: एवढ्या पैशात चहाही येत नाही.

शिवाय बाकीची पिलावळ. जुना फॅमिकॉम टीव्हीला अँटेनाच्या वायरीतून जोडायचा असतो आणि जपानने ॲनालॉग प्रसारण २४ जुलै २०११ ला बहुतेक भागांत बंद केलं. नव्या टीव्हीत तो ट्यूनरच नाही. त्यामुळे एव्ही जॅक बसवून घेतलेलं मशीन शोधा, मग नव्या टीव्हीला जोडायला एचडीएमआयचा डबा घ्या, मग डब्यामुळे चित्र अर्ध्या क्षणाने मागे पडतं आणि मारिओ खड्ड्यात जातो म्हणून त्याहून चांगला डबा घ्या. दोन डब्यांच्या पैशात एखादा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आला असता. तो टोकियोतल्या निशिकासाईच्या आमच्या दोन खोल्यांत ठेवायचा कुठे, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला नाही. त्याने तो स्वतःहून टाळला असं म्हणते.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने यावर जे सांगितलं, त्याने मी खरी हादरले. पन्नाशीचा, शांत, दोन मुलांचा बाप. इथे बऱ्याच घरांत नवऱ्याचा पगार बायकोच्या हाती जातो आणि ती त्याला महिन्याचा 'ओकोझुकाई' देते. शब्दशः पॉकेटमनी. आपण शाळेत घ्यायचो तोच. यावर दर वर्षी सर्वेक्षण होतं आणि सरासरी आकडा चाळीस हजार येनच्या आसपास असतो. या गृहस्थांना तीस मिळतात. त्यात दुपारचं जेवण, सिगारेट, मित्रांबरोबरची बिअर आणि कॅसेटी. फॅमिकॉमच्या अधिकृत कॅसेटी हजारावर आहेत आणि त्यांना सगळ्या हव्यात. म्हणून गुरुवार-शुक्रवारी ते डेस्कवर एकच ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खातात. मला वाटायचं डाएट.

"बायकोला सांगून वाढवून का नाही घेत?" मी विचारलं. ते म्हणाले, वाढवून घेतले तर कुठली कॅसेट हवी आणि कुठली नको, हे मला कळणार नाही.

मला आधी हसू आलं, मग राग आला. पन्नाशीच्या माणसाने बायकोकडे हात पसरायचा? मग आठवलं, आमच्या आजोबांचा सगळा पगार आजीच्या पत्र्याच्या डब्यात जायचा आणि विड्यांना ते रोज चार आणे मागून न्यायचे. तेव्हा आम्ही त्याला संस्कृती वगैरे म्हटलं नाही. आजी कडक आहे म्हटलं.

तर एप्रिलपासून आमच्या घरी ओकोझुकाई सुरू आहे. गोम अशी की घरचा हिशेब मीच बघते, म्हणजे देणारी मी आणि घेणारीही मीच. महिना पाच हजार येन. नवऱ्यालाही तेवढेच, त्याने नदीकाठच्या मैदानावर खेळण्यासाठी इंग्लिश विलोची बॅट घेतली, पंचेचाळीस हजारांची, त्याबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते. हे इथे लिहून ठेवते, पुढे लागेल.

पाच हजारांसोबत एक नियमही घातला: फक्त तेच खेळ, जे आमच्या सांगलीच्या मशीनवर होते. दादाशी व्हॉट्सॲपवर भांडत भांडत यादी केली, अकरा खेळ निघाले. रोड फायटर त्यात पहिला. तो एकट्याने खेळायचा खेळ, दोन नंबरला त्यात कामच नाही. लहानपणी मी शेजारी बसून फक्त "ट्रक आला, ट्रक आला" म्हणायचे. आता इथे, उजव्या हाताला चहा ठेवून, मी स्वतः गाडी चालवते आणि त्याच ट्रकवर नेऊन आदळते.

यादीतला दुसरा, काँट्रा. कोनामी कंपनीने फॅमिकॉमसाठी १९८८ च्या फेब्रुवारीत काढला. नागडी कॅसेट, ५,४८० येन. म्हणजे पाच हजारांच्या वर. शिवाय अकिहाबाराला, टोकियोतल्या जुन्या गेमच्या बाजारात, आता भाव बघवत नाहीत. २०२४ मध्ये डॉलरला १६० च्या वर येन मिळायला लागला तेव्हापासून परदेशी पर्यटक रिकाम्या सुटकेसी घेऊन येतात आणि शेल्फच्या शेल्फ साफ करतात. या परदेशी लोकांना काही धरबंद नाही, असं मी त्या सहकाऱ्याला तावातावाने सांगत होते. त्यांनी फार आदबीने मान हलवली. मी कोण आहे याची आठवण मला लिफ्टमध्ये झाली.

घेतली मी काँट्रा. वरचे ४८० मे महिन्यातून वळते केले. आणि सांगते, ते पैसे फुकट गेले नाहीत. पहिल्याच पडद्यावर, जंगलात, झाडांची पानं हलत होती. जपानी कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची खास चिप घातली होती, तिच्यामुळे पानं डोलतात. बाहेरच्या आवृत्तीत ती चिप नव्हती. आमच्या काँट्रात झाडं कधीच हलली नव्हती. दादाला व्हिडिओ कॉल लावला, टीव्हीसमोर फोन धरला. तो आधी म्हणाला, "पानं कसली बघतेस, गोळी आली." मग गप्प झाला. मग म्हणाला, "आपल्याला अर्धाच दिला होता म्हणजे." आपण पूर्ण पैसे कुठे दिले होते, दीडशे रुपयांत चौसष्ट खेळ घेतले होते, हे मी त्याला म्हटलं. खरं तर हेच माझं उत्तर आहे घरच्यांना: लहानपणी डुप्लिकेट खेळलो, त्याची उधारी आता चुकती करतेय. नवऱ्याने यावर शांतपणे सांगितलं की जुन्या कॅसेटीचे पैसे दुकानदाराला जातात, कोनामीला एक येनही पोचत नाही. इंजिनिअरशी लग्न करण्याचे तोटे.

त्या तिसरीतल्या मुलाचं काय करायचं ते अजून ठरत नाही. अशा नावं लिहिलेल्या कॅसेटी जमवून मूळ मालकांना परत देऊ पाहणारं एक संग्रहालयच इथे इंटरनेटवर आहे. त्यांना कळवावं असं रोज वाटतं. पण ती दिली तर यादीतला पहिला खेळ गेला, आणि स्वच्छ पाठीची कॅसेट घ्यायची तर अकराशे येन, तेही या महिन्यात नाहीत.

यादीतली सर्कस चार्ली मात्र स्टेशनमागच्या दुकानात दिसलीय. किमतीची चिठ्ठी पाठीला होती, काच बंद होती, दिसलं नाही. शनिवारी कोथिंबीर आणायला त्याच बाजूला जायचंय.